‘फुकटच्या तांदळामुळे मजूर मिळत नाहीत’ हे कोणी तपासून पाहिले आहे का?

प्रश्न : बांधावरचा (बेळगाव तालुका, पश्चिम भाग)

नमस्कार. आमच्या गावात देवळाच्या कट्ट्यावर, दूध डेअरीत किंवा लग्नाच्या पंगतीत, कुठेही बसले तरी एक वाक्य हमखास कानावर पडते : “सरकारने तांदूळ फुकट दिला आणि मजूर आळशी झाले.” मी स्वतः हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले आहे की ते खरे आहे की नाही, असा प्रश्नच कधी पडला नव्हता.

जुलै 2024 मध्ये भाताच्या लावणीसाठी मी बारा बायकांना सांगून ठेवले होते. आदल्या दिवशी तरवा (भाताची रोपे) उपटून पेंढ्या बांधावर ठेवल्या होत्या, भाड्याने आणलेला पॉवर टिलर चिखल करून परत जायच्या बेतात होता आणि सकाळी प्रत्यक्षात सातजणी आल्या. दोन दिवसांचे काम चार दिवस चालले आणि शेवटच्या पेंढ्या पिवळ्या पडल्या. संध्याकाळी घरी आल्यावर मी तेच नेहमीचे वाक्य म्हटले, तेव्हा पत्नीने विचारले की, न आलेल्या पाचजणी कुठे गेल्या हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला ते ठाऊक नव्हते.

त्यानंतर मी कागद घेऊन हिशेब केला. त्या वेळी कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य या मोफत तांदळाच्या योजनेत माणशी 5 किलो तांदूळ मिळत होता आणि वाढीव 5 किलो तांदळाऐवजी किलोला 34 रुपयांप्रमाणे माणशी 170 रुपये खात्यावर जमा होत होते. चार माणसांच्या घरात 20 किलो तांदूळ आणि 680 रुपये येतात. तांदळाचीही किंमत 34 रुपयांनीच धरली, तर महिन्याची एकूण मदत 1,360 रुपये होते. मी लावणीला बाईमाणसाला 350 रुपये हजेरी देतो. म्हणजे महिनाभराच्या फुकट धान्याची किंमत चार दिवसांच्या हजेरीइतकीही भरत नाही. चार दिवसांच्या मजुरीएवढे धान्य घरात आले म्हणून एखादी बाई उरलेले सव्वीस दिवस स्वस्थ बसून राहते, हे मला आता पटत नाही. तेल, मीठ, डाळ, मुलांच्या वह्या आणि औषधगोळ्या तांदळावर मिळत नाहीत.

दुसरा मुद्दा सीमेचा आहे. आपण सीमाभागातले लोक या सीमेने काय हिरावले याचा हिशेब नेहमी मांडतो. पण तिच्यामुळे आपल्याला एक सोयही मिळाली आहे, ती म्हणजे तुलनेची. बाची ओलांडले की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. भात तोच, पाऊस तोच, सोयरीकही तीच, फक्त सरकार वेगळे. आपल्याकडे गृहलक्ष्मी योजनेत घरच्या कर्त्या बाईला मिळणारे महिना 2,000 रुपये ऑगस्ट 2023 अखेर सुरू झाले. महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये पहिल्यांदा हातात पडले ते ऑगस्ट 2024 च्या मध्यास. याचा अर्थ असा की जुलै 2024 च्या लावणीत आपल्या बायकांना दहा-अकरा महिने पैसे मिळत होते आणि चंदगड तालुक्यातल्या बायकांना एक रुपयाही मिळालेला नव्हता. पैशाने आळस येत असता, तर त्या जुलैत चंदगडात मजूर मुबलक असायला हवे होते. माझी सासुरवाडी तिकडे आहे आणि त्याच आठवड्यात माझे मेहुणे फोनवर हीच तक्रार करत होते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. माझ्या विहिरीवर 5 अश्वशक्तीची मोटर आहे. कर्नाटकात 10 अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज फुकट आहे, महाराष्ट्रानेही 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंत तसे केले. त्या फुकट विजेमुळे मी आळशी झालो, असे मला आजवर कोणीही सांगितलेले नाही.

माझ्या या हिशेबात चूक कुठे आहे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : जंगलपट्ट्यातला (खानापूर)

बांधावरचे दादा, तुमचे गणित नीटनेटके आहे, पण ते अर्धेच आहे आणि नेमका सोयीचा अर्धा भाग तुम्ही घेतला आहे.

तुम्ही फक्त तांदूळ मोजला. त्यात गृहलक्ष्मीचे 2,000 रुपये मिळवा. एकूण 3,360 रुपये होतात. तुमच्याच 350 च्या हजेरीने भागले, तर साडेनऊ दिवसांची मजुरी येते. विजेचे बिल 200 युनिटपर्यंत माफ आहे आणि बसचे तिकीट नाही, ते मी धरलेलेच नाही. जी बाई महिन्याला पंधरा दिवस कामावर जात होती, तिच्या दृष्टीने साडेनऊ दिवस ही किरकोळ रक्कम नाही. ती काम सोडणार नाही हे मलाही मान्य आहे. पण पंधराऐवजी दहा दिवस आली, तरी माझी लावणी मागे पडते. प्रश्न सगळ्या मजुरांनी काम सोडण्याचा नाही. चार बायका कमी पडल्या की सगळ्या शिवाराचे वेळापत्रक कोलमडते आणि लावणीला आठ दिवस उशीर झाला की उताऱ्यात काय फरक पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सीमेच्या तुलनेबद्दल मला अधिक कठोरपणे बोलावे लागेल. दोन वाफे शेजारी असले आणि मधला बांध फुटलेला असला, तर एका वाफ्याला पाणी दिले आणि दुसऱ्याला दिले नाही, असे म्हणता येत नाही. सकाळी सहाला टेंपो भरून बायका आपल्याकडून तिकडे जातात आणि तिकडून इकडे येतात. मजुरीचा बाजार एकच आहे. आपल्याकडच्या योजनेमुळे बायका कमी आल्या, तर तिकडच्या बायका वाढीव दराने इकडे येणार आणि टंचाई दोन्हीकडे सारखी दिसणार. त्यामुळे तुमच्या मेहुण्यांच्या तक्रारीवरून योजनेचा परिणाम नाही असे सिद्ध होत नाही, उलट तो सीमेपलीकडे पसरला असेही म्हणता येईल. तुलना करायचीच असेल, तर सीमेपासून इतके लांब गाव घ्या की तिथून टेंपो येणे परवडणार नाही.

मी योजनांच्या विरोधात नाही. माझ्या आईच्या खात्यावरही ते पैसे येतात. पण परिणामच नाही, हे म्हणणे मला परिणामच परिणाम आहे म्हणण्याइतकेच घाईचे वाटते.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक (बेळगाव शहर)

खानापूरच्या मित्रांनी फुटक्या बांधाचा जो मुद्दा मांडला, तो अर्थशास्त्राच्या वर्गात मी इतक्या सोप्या शब्दांत कधी मांडू शकलो नाही. तो मान्य करूनच पुढे लिहितो.

ज्या समजुतीची इथे चर्चा चालू आहे, ती आपल्या कट्ट्यावर जन्मलेली नाही. इंग्लंडमध्ये 1795 साली धान्य महाग झाले, तेव्हा बर्कशायर परगण्यातल्या स्पीनहॅमलंड येथे दंडाधिकाऱ्यांनी पावाच्या भावानुसार आणि घरातल्या माणसांनुसार गरिबांची मजुरी भरून काढण्याची पद्धत ठरवली. ती इतरत्रही पसरली. पुढे 1830 च्या दशकात सरकारी आयोगाने चौकशी केली आणि या मदतीनेच मजूर आळशी व बेफिकीर झाले असा निष्कर्ष काढला. त्यावरून 1834 चा कठोर कायदा आला. धडधाकट माणसाला मदत हवी असेल, तर त्याने कुटुंबासह श्रमगृहात राहावे, हे त्याचे सूत्र होते. सव्वाशे वर्षे हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांतून जसाच्या तसा शिकवला गेला. 1963 मध्ये मार्क ब्लॉग या अर्थशास्त्रज्ञाने जुनी आकडेवारी पुन्हा पाहिली आणि कार्यकारणभाव उलटा असल्याचे दाखवले. जिथे गव्हाची शेती होती, पेरणी-कापणी सोडून वर्षभर काम नव्हते आणि मजुरी आधीच कमी होती, तिथे मदत द्यावी लागली होती. मदतीमुळे मजुरी घसरली, हा उलट अर्थ नंतर चिकटवला गेला. आयोगाने ज्यांच्या साक्षी नोंदवल्या, त्यांत मजूर लावणारे आणि कर भरणारे फार होते, मजूर फार थोडे होते. दूध डेअरीतल्या चर्चेतही साधारण हेच प्रमाण असते, असे माझे निरीक्षण आहे.

अलीकडचा पुरावा पाहायचा, तर अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतील रोख मदतीच्या सात प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली. मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या घरांची निवड तिथे सोडतीसारख्या पद्धतीने झाली होती, त्यामुळे तुलना स्वच्छ होती. लोकांनी काम कमी केल्याचा ठळक पुरावा त्यांना आढळला नाही. मात्र त्या सहा देशांत भारत नव्हता आणि त्या प्रयोगांतला प्रश्न लावणीच्या आठ दिवसांचा नव्हता. म्हणून मी त्यावरून आपल्या शिवाराचा निकाल लावणार नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवावी. या योजना राज्याच्या तिजोरीला परवडतात का, हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे. कर्नाटकाच्या 2024-25 च्या सुमारे 3.71 लाख कोटींच्या अंदाजपत्रकात पाच ‘हमी’ योजनांसाठी (अन्नभाग्य, गृहलक्ष्मी, मोफत वीज आणि बस यांसह) सुमारे 52,000 कोटी रुपये होते, म्हणजे शंभरातले चौदा. त्यावर जरूर वाद घालावा. पण तिजोरीबद्दलचा राग मजुरांच्या स्वभावावर काढू नये.

उत्तर : तंबाखूच्या गावचा (निपाणी)

सर, इंग्लंड लांब पडले. निपाणीची गोष्ट सांगतो.

1981 मध्ये आमच्याकडे तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते. शरद जोशी यांचे नेतृत्व होते. एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. माझे वडील त्या रस्त्यावर होते. ‘भाव परवडत नाही, या भावाने माल देणार नाही’ हे त्यांच्या पिढीचे म्हणणे होते आणि त्याला कोणी आळस म्हटले नाही, आम्ही आजही त्याला लढा म्हणतो. आता मजूर बाई म्हणते की 350 मध्ये परवडत नाही, येणार नाही. तिचा माल म्हणजे तिचा दिवस आहे. तिने भाव मागितला की ती आळशी ठरते. ‘मजूर मिळत नाहीत’ या वाक्यात ‘या दरात’ हे दोन शब्द आपण गिळतो.

मला हे लिहिताना त्रास होतो, कारण मीसुद्धा 350 च देतो. ऊस असो वा सोयाबीन, मजुरी वाढवायला हातात काही उरले पाहिजे. युरियाचे पोते 266 रुपये 50 पैशांना मिळते म्हणून निदान तेवढे तरी निभावते. पण आपली अडचण खरी आहे म्हणून तिच्यावरचा आरोप खरा ठरत नाही.

निपाणीच्या आजूबाजूची तरुण पोरे आणि पोरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जातात. ज्यांच्या आयांनी घरात बसून विड्या वळल्या, त्या मुली आता कंपनीच्या बसने जातात. त्या आळशी झाल्या असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

उत्तर : कृष्णाकाठचा (अथणी)

थोडक्यात लिहितो. आमच्याकडे ऊस तोडायला बीडकडून आणि विजापूरकडून टोळ्या येतात. रेशनकार्ड त्यांच्याकडेही आहे. तरीही लेकराबाळांसह पालात राहून पाच-सहा महिने कोयता चालवतात, कारण मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. रेशनने माणूस घरी बसत असता, तर आमचा ऊस शिवारात वाळला असता. मात्र उचलीच्या फासामुळे येणाऱ्या माणसाला मी ‘कष्टाळू’ हे प्रमाणपत्रही देणार नाही, त्याला दुसरा रस्ता नसतो.

उत्तर : दोन्हीकडची (माहेर चंदगड तालुका, सासर बेळगाव तालुका)

इतकी चर्चा वाचली. सगळ्यांनी बायकांबद्दल लिहिले, पण भांगलणीच्या (खुरपणीच्या) ओळीत बसलेले कोणी दिसले नाही. मी लग्नाआधी सहा वर्षे आईबरोबर मजुरीला जात होते, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, शेतात बाईची हजेरी पुरुषापेक्षा कमी असते. रोजगार हमीच्या कामावर दोघांना एकच दर मिळतो. 2024-25 मध्ये तो कर्नाटकात 349 रुपये आणि महाराष्ट्रात 297 रुपये होता. एकदा समान दर हातात पडला की पुन्हा कमी दराने वाकताना मनाला लागते. याला आळस म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट बसची. जून 2023 पासून बायकांना राज्याच्या साध्या बसमधून प्रवास मोफत आहे. आमच्या गावची सकाळची बेळगावची बस पाहायला या. दरवाज्याजवळ उभ्या असलेल्या प्रत्येक बाईच्या पिशवीत डबा असतो. कोणी दुकानात कामाला जाते, कोणी चार घरची धुणीभांडी करते, कोणी दवाखान्यात झाडलोट करते. जाण्या-येण्याला रोज पन्नास-साठ रुपये जात होते, तोपर्यंत हे काम परवडत नव्हते आणि गावातले बांध हाच एक मालक होता. आता परवडते. म्हणजे सरकारच्या योजनेमुळे तुमच्या शेतावरचे मजूर कमी झाले, हे खरे असू शकते. पण त्या घरी झोपल्या म्हणून नव्हे, दुसऱ्या कामावर गेल्या म्हणून. खानापूरच्या दादांनी साडेनऊ दिवसांचा हिशेब केला, पण त्या दिवसांत बाई काय करते हे विचारले नाही.

माहेरकडे काजूचे कारखाने आहेत आणि शिनोळीची एमआयडीसी आहे. काजू सोलताना हात काळे पडतात, पण डोक्यावर पत्रा असतो. जुलैच्या पावसात इरले पांघरून दिवसभर पोटरीइतक्या चिखलात उभे राहून पाहिल्याशिवाय पत्र्याची किंमत कळत नाही.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक (बेळगाव शहर)

ताई, तुमचे लिखाण वाचून एक जुनी आठवण झाली. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा 1979 मध्ये अमलात आला. वि. स. पागे यांनी त्याआधी सांगली जिल्ह्यात विसापूरला केलेला प्रयोग त्याच्या मुळाशी होता. माझे एक काका त्याच जिल्ह्यात शेती करत. ‘हमीच्या कामाने मजूर माजले’ असे ते म्हणत. त्या वेळी ना फुकट तांदूळ होता, ना गृहलक्ष्मी. तक्रार तीच आहे, फक्त दर दहा-पंधरा वर्षांनी तिचे कारण बदलते, याची नोंद असावी.

उत्तर : बांधावरचा (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. खानापूरच्या दादांचा आक्षेप मला मान्य आहे. माझी सीमेची तुलना मी समजत होतो तितकी स्वच्छ नव्हती आणि तांदळापुरते गणित करून मी स्वतःची सोय पाहिली होती.

मधल्या काळात मी जे आधीच करायला हवे होते ते केले. पत्नीला बरोबर घेऊन न आलेल्या पाचही जणींच्या घरी गेलो. एकटा गेलो असतो, तर त्यांनी मालकाला द्यायचे उत्तर दिले असते. पत्नी चुलीपाशी बसली आणि मी बाहेर ओसरीवर थांबलो.

दोघी शिनोळीच्या बाजूला काजूच्या कारखान्यात लागल्या आहेत. त्यातली एक म्हणाली, “तुमचं काम आठ दिवसांचं, तिथं बाराही महिने. आठ दिवसांसाठी ते सोडलं, तर परत कोण घेणार?” तिसरी त्या दिवशी आमच्याच गावात दुसऱ्याच्या शेतात लावणीला गेली होती, कारण तिथे 50 रुपये जास्त होते आणि दुपारचे जेवण होते. मला हे शेजारून कळायला दहा महिने लागले. चौथीच्या लेकीचे बाळंतपण होते.

पाचवीचे उत्तर खानापूरच्या दादांच्या बाजूचे आहे, म्हणून ते मुद्दाम नीट लिहितो. तिचे वय पन्नाशीच्या पुढे आहे आणि दोन्ही गुडघे दुखतात. पूर्वीही दुखत होते, पण वाण्याच्या उधारीसाठी ती चिखलात उतरायची. आता 2,000 रुपये येतात, त्यात उधारी भागते, म्हणून तिने लावणी सोडली. म्हणजे पाचांतल्या एकीच्या बाबतीत सरकारच्या पैशामुळे माझ्या शेतात एक माणूस कमी झाले, हे शब्दशः खरे आहे. याला आळस म्हणायचे की काय, हे मी तिच्या ओसरीवर बसून ठरवू शकलो नाही. पाच घरांवरून जिल्ह्याचा निष्कर्ष निघत नाही, हेही मला कळते.

यंदा मी हजेरी 400 आणि दुपारचे जेवण असे मे महिन्यातच सांगून ठेवले आहे. अर्धा एकर लावणीऐवजी जूनमध्ये थेट पेरणार आहे, म्हणजे माणसे कमी लागतील, तण मात्र वाढेल. काजूवाल्या दोघी येणार नाहीत. तिसरी आणि चौथी येतो म्हणाल्या आहेत. पाचवी म्हणाली की चिखलात वाकणार नाही, पण ऑगस्टात भांगलणीला सांगा, बसून होईल तेवढे करीन. तिला किती हजेरी द्यायची, यावरून सध्या आमच्या घरात वाद चालू आहे.